आत्याबाई आणि टिचकी यांचा तुलनात्मक तक्ता

जुनी वाहने श्रेष्ठत्वनिश्चिती कार्यालयाने एक आदेश काढला. आदेश अगदी साधा होता. रस्त्यावरच्या यच्चयावत म्हाताऱ्या गाड्या भंगारात जातील. मात्र जी गाडी वारसा म्हणून जपण्याच्या लायकीची असेल, ती राहील. एका कुटुंबाला एकच वारसा बाळगता येईल. दोन असल्यास त्यांची तुलना करून श्रेष्ठ ती ठेवण्यात येईल आणि दुसरीची 'सन्मानपूर्वक विल्हेवाट' लावण्यात येईल. सन्मानपूर्वक म्हणजे काय, याचाही खुलासा तळटीपेत होता. यंत्रात चेपण्यापूर्वी गाडी धुऊन घेतली जाईल.

आदेशाची प्रत चष्मेवाल्यांच्या दुकानात आली तेव्हा ते एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होते. "हे बरं दिसतंय की हे?" असं विचारत काचा बदलणं हा त्यांचा जन्माचा उद्योग. पाच-सहा काचा झाल्या की माणूस कंटाळतो आणि तोंडाला येईल ते उत्तर देतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा ते स्वतःच्याच अंदाजाने नंबर काढून द्यायचे आणि आजवर कोणी आंधळं झालं नव्हतं. आदेश वाचून मात्र त्यांना स्वतःलाच समोरचं काही दिसेना.

कारण त्यांच्या कुटुंबात गाड्या दोन होत्या.

झालं होतं असं. त्यांचे सासरे मोठे हौशी गृहस्थ. त्यांना दोन मुली आणि दोन गाड्या, आणि चौघींवर सारखाच जीव. जाताना त्यांनी थोरल्या मुलीला मोठी गाडी दिली, धाकटीला छोटी. थोरलीचा नवरा बँकेत मॅनेजर होऊन निवृत्त झालेला, धाकटीचा नवरा म्हणजे आपले चष्मेवाले. कागदपत्रं मात्र दोन्हींची सासऱ्यांच्याच नावावर राहिली. ती बदलून घ्यायची दोघा साडूंना लाज वाटली आणि कंटाळाही आला. कंटाळा जरा जास्त. त्यामुळे सरकारदरबारी दोन्ही गाड्यांचं कुटुंब एकच होतं आणि कुटुंबप्रमुख वारलेले होते.

मोठी गाडी म्हणजे आत्याबाई. काळी, लांबलचक, सहा सिलिंडरची. सुरू होताना कुरकुरायची, आणि एकदा चालू लागली की रस्त्यावरच्या सगळ्यांनी बाजूला व्हावं अशी तिची अपेक्षा असायची. वळवायची तर आधी अख्ख्या गल्लीची परवानगी काढावी लागे. छोटी ती टिचकी. सायीच्या रंगाची, गुबगुबीत, चार सिलिंडरची. तिचं दार थोडं उचलून लोटल्याशिवाय लागत नसे आणि चढावर ती अशी काही धापा टाकायची की आत बसलेल्याला उतरून पाणी द्यावंसं वाटे. पण टिचकीवर चष्मेवाल्यांचा जीव होता. लपवण्यात काय अर्थ? लग्नानंतर बायकोला त्यांनी तिच्यातूनच घरी आणलं, पोरगी तापाने फणफणली तेव्हा तिच्यातूनच दवाखान्यात नेलं, आणि घरात भांडण झालं की ते गुपचूप जाऊन तिच्यातच बसायचे.

दर रविवारी सकाळी दोन्ही गाड्या गावाबाहेरच्या टेकडीवर चहाला जायच्या. जाताना किंवा येताना दोघींपैकी एक हमखास बंद पडायची आणि दुसरी तिला दोराने ओढून आणायची. आज कोणी कोणाला ओढलं, याचा हिशेब आजवर कोणाच्या डोक्यातसुद्धा आला नव्हता.

"दादा, आता काय करायचं हो?" चष्मेवाल्यांनी मॅनेजरसाहेबांना विचारलं.

"अरे, करायचं काय त्यात? जाऊ आणि साहेबाला समजावून सांगू. माणूसच आहे ना तो?"

तो माणूसच होता. फक्त तुलना अधिकारी होता. त्याच्या टेबलावर दोन पेनं होती. एक लिहायला आणि एक तुलनेला. भिंतीवर दोन घड्याळं होती आणि दोन्ही वेगळी वेळ दाखवत होती.

"साहेब, दोन्ही गाड्या चांगल्या आहेत," चष्मेवाले हात जोडून म्हणाले.

"तसं होत नाही," अधिकारी शांतपणे म्हणाला. "एकटी गाडी चांगली नसते. ती नुसती असते. चांगली व्हायला तिच्या शेजारी एक वाईट लागते."

"पण जागा आमची, पेट्रोल आमचं," मॅनेजरसाहेब म्हणाले. "राहू देत की दोन्ही. तुमचं काय जातंय?"

"म्हणजे तुलना नकोच म्हणता?" साहेबाचा चेहरा पडला. "मग आम्ही सगळ्यांनी इथं बसून करायचं काय?"

दोघा साडूंनी मुकाट्याने तक्ता भरायला घेतला.

"कमाल शक्ती?"

"आत्याबाईची नव्वद अश्वशक्ती," मॅनेजरसाहेब छाती काढून म्हणाले.

"टिचकीची सदतीस," चष्मेवाले म्हणाले. आवाज जरा बारीकच निघाला.

"कधीची?"

"कंपनीतून बाहेर पडली तेव्हाची."

"इतकी वर्षं झाली. ते घोडे आज हयात असल्याचा दाखला जोडा. एकेकाचा."

असा तो तक्ता दुपारभर चालला. लांबी, रुंदी, वजन, गिअर, डिकीची जागा, पेट्रोलची टाकी. दोघा साडूंनी या गोष्टी आयुष्यात कधी मोजल्या नव्हत्या. गाडी चालते की नाही, एवढा एकच रकाना त्यांना माहीत होता आणि नेमका तोच तक्त्यात नव्हता. साहेबाचं म्हणणं, चालणं ही सापेक्ष गोष्ट आहे.

बाहेर पडताना चष्मेवाल्यांनी सहज म्हणून तक्त्यावर नजर टाकली. आत्याबाईच्या बाजूला सगळे आकडे मोठे होते. नव्वद आणि सदतीस! त्यांना आपलं उगाचच लागलं. लग्नात सासऱ्यांनी मॅनेजरसाहेबांना सोन्याची अंगठी आणि आपल्याला छत्री दिली होती, हे त्यांना इतक्या वर्षांनी त्या जिन्यात आठवलं.

"दादा, आकड्यांचं काही खरं नसतं," ते म्हणाले. "नव्वद घोडे असले तरी खातात किती, तेही पाहायला हवं."

"खाऊ देत. धावतात ना? तुझे सदतीस तर सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असतील की नाही, कोण जाणे."

मॅनेजरसाहेब हसले. चष्मेवालेही हसले. पण घरी येईपर्यंत दोघेही मनातल्या मनात घोडे मोजत होते.

त्या दिवसापासून चष्मेवाल्यांच्या अंगात आलं. दुकान सोडून ते टिचकीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसू लागले. गिऱ्हाईक आलं की त्याला विचारायचे, "दोन्हींचे फोटो पाहून सांगा, कोणती डोळ्यात भरते?" गिऱ्हाइकाला नीट दिसत नसायचं म्हणूनच ते आलेलं असायचं, तरी मत मात्र द्यायचं. गल्लीत दोन तट पडले. यातल्या एकानेही आत्याबाईत किंवा टिचकीत कधी बूड टेकलं नव्हतं, म्हणूनच सगळे अगदी ठाम होते.

बायका आधी समंजस राहिल्या. मग थोरली फोनवर धाकटीला म्हणाली, "अगं, गेली तर गेली. नाहीतरी तुमची ती डबीच." धाकटीने तिथल्या तिथे सुनावलं, "डबी तर डबी. तुमच्यासारखा काळा पलंग घेऊन तरी फिरत नाही आम्ही!" फोन आपटला. दोघी सख्ख्या बहिणींचं बोलणं बंद झालं. रविवारचा चहा तर आधीच बंद पडला होता.

"अहो, पण हरलो तर टिचकी खरंच चेपणार का?" रात्री जेवताना बायकोने विचारलं.

चष्मेवाल्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. इतके दिवस त्यांना जिंकायचं होतं. हरणाऱ्या गाडीचं पुढे काय होतं, हे ते साफ विसरून गेले होते.

तक्त्यानंतरच्या प्रत्यक्ष चाचणीचा दिवस उजाडला. कार्यालयामागच्या मैदानावर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. तुलना अधिकाऱ्याने छोटंसं भाषण केलं. तुलना ही समान परिस्थितीतच झाली पाहिजे, असं त्याचं सूत्र होतं, आणि त्याला कोणी शहाणा माणूस नाही म्हणणार नाही. म्हणून आत्याबाईचे सहा सिलिंडर आणि टिचकीचे चार, हा अन्याय आधी दूर करण्यात आला. आत्याबाईच्या दोन प्लगच्या वायरी काढून ठेवल्या.

"अहो, ती खोकेल!" मॅनेजरसाहेब कळवळले.

"समान परिस्थिती," साहेब म्हणाला.

टिचकीला चार गिअर, आत्याबाईला तीन. टिचकीचा चौथा गिअर लाकडी पाचर मारून बंद केला. टिचकी वजनाने हलकी, म्हणून भरपाईसाठी तिच्यात कार्यालयातले कर्मचारी भरले. ते आनंदाने बसले, कारण गाडीत बसणं हे कामाच्या वेळेत धरलं जाणार होतं. तरी वजन जुळेना, तेव्हा मुख्य लिपिकांना मांडीवर घेण्यात आलं. टायर वेगवेगळ्या मापाचे निघाले, तर दोन-दोन चाकांची अदलाबदल केली. आता दोन्ही गाड्या सारख्याच तिरप्या उभ्या होत्या. साहेब लांब जाऊन, एक डोळा मिटून पाहून आला आणि समाधानाने म्हणाला, "आता खरी तुलना होईल."

कमाल वेगाच्या चाचणीत दोघी बरोबरीत सुटल्या, कारण मैदानाच्या फाटकावरच 'वेग सावकाश' अशी पाटी होती आणि कार्यालयाला स्वतःची पाटी मोडता येत नव्हती. ब्रेकच्या चाचणीत टिचकी पहिली आली. आत एवढी माणसं कोंबल्यावर ती सुरूच झाली नव्हती. पेट्रोल कमी पिण्यातही त्यामुळे तिनेच बाजी मारली. चष्मेवाल्यांनी टाळी वाजवली. मग आरामदायीपणाच्या चाचणीत आत्याबाईच्या मागच्या सीटवर एका परीक्षकाला झोप लागली, झोपेचे दोन गुण मिळाले आणि हिशेब फिटला. मॅनेजरसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

संध्याकाळी निकाल लागला. समसमान.

"देवा!" चष्मेवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे दोन्ही राहणार."

"कशा राहतील?" अधिकाऱ्याला नवल वाटलं. "समसमान म्हणजे दोन्हींपैकी एकही श्रेष्ठ नाही. आणि श्रेष्ठ नसलेली गाडी काय होते?"

दोघा साडूंनी एकमेकांकडे पाहिलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच.

"दोन्ही धुऊन घेऊ," साहेबाने दिलासा दिला.

एक वाट मात्र होती. गाडी वापरणाऱ्याने स्वतः येऊन आपली गाडी निकृष्ट असल्याचं कबूल केलं, तर दुसरी आपोआप श्रेष्ठ ठरली असती.

त्या रात्री दोन्ही गाड्या ढकलत घरी आणल्यावर चष्मेवाले टिचकीत जाऊन बसले. तिरप्या चाकांमुळे बसल्या जागी एका बाजूला घसरत होते. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. सासऱ्यांच्या दोन गाड्यांतली एक तरी वाचावी. आपल्या हट्टापायी दोन्ही जायला नकोत. मॅनेजरसाहेबांच्या आत्याबाईने आपल्याला किती वेळा टेकडीवरून ओढून आणलंय! त्यांनी स्टेअरिंगवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माफ कर गं बाई. उद्या तुझ्याबद्दल वाईट बोलणार आहे."

सकाळी ते कार्यालयात पोचले, तर बाकावर मॅनेजरसाहेब आधीच बसलेले. डोळे सुजलेले.

"तू इथं कशाला आलास?"

"तुम्ही कशाला आलात, दादा?"

दोघांनाही एकदम कळलं. मॅनेजरसाहेबांनी चष्मेवाल्यांना तिथेच मिठी मारली. म्हणाले, "नाही रे. टिचकी राहू दे. माझी जाऊ दे. तुझी लेक तिच्यात वाढली." चष्मेवाले म्हणाले, "मुळीच नाही. मोठ्यांची राहिली पाहिजे." बाकावरचे लोक डोळे पुसू लागले. कार्यालयाच्या इतिहासात तिथे कोणी कोणाला मिठी मारल्याची नोंद नव्हती.

तुलना अधिकाऱ्याने दोघांची कबुली ऐकली आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे पुन्हा समसमान. दोन्ही निकृष्ट. आता तुमच्या गाड्यांपैकी अधिक निकृष्ट कोणती, ते ठरवावं लागेल."

"माझी, साहेब," चष्मेवाले चटकन म्हणाले. "तिचा रेडिएटर गळतो."

"माझ्या गाडीचाही गळतो," मॅनेजरसाहेब म्हणाले. "शिवाय सायलेन्सर फुटलाय."

"टिचकीचं दार लागत नाही."

"आत्याबाईचं उघडत नाही!"

"पावसात छतातून पाणी येतं, साहेब. माझी बायको आत छत्री उघडून बसते."

"छतातून येतं ना? आमच्याकडे खालून येतं. पाय सोडून बसलं की पोटऱ्या भिजतात."

साहेब भराभर लिहीत होता. चष्मेवाल्यांनी मॅनेजरसाहेबांकडे डोळे वटारून पाहिलं. या माणसाला जरा गप्प बसता येत नाही? सगळ्यात पुढे तोच! चांगलेपणात पुढे, तर वाईटपणातही पुढे?

"साहेब, यांना काय माहीत खराब गाडी कशाला म्हणतात!" चष्मेवाल्यांचा आवाज चढला. "टिचकीला उतारावर ढकलावं लागतं. उतारावर!"

"उतारावर तरी चालते ना ढकलून? आत्याबाई गेल्या वर्षी उभ्या उभ्या मागे गेली होती!"

"थापा आहेत! आत्याबाईचं इंजिन एकदम ठणठणीत आहे, मी स्वतः ऐकलंय!"

"तोंड सांभाळून बोल! माझ्या गाडीला ठणठणीत म्हणतोस?"

मॅनेजरसाहेब अंगाचा तिळपापड होऊन उठले. चष्मेवालेही उठले. बाकावरचे लोक डोळे पुसायचे थांबून पुढे सरकले आणि त्यांच्यातही दोन तट पडले. अर्ध्यांच्या मते आत्याबाईसारखी भिकार गाडी दुसरी नव्हती. बाकीचे टिचकीच्या बाजूने ओरडत होते, "गळू द्या! गळू द्या!" चष्मेवाल्यांना स्फुरण चढलं. त्यांनी टिचकीचा कार्ब्युरेटर, क्लच, वायपर, एकेक काढून अशी लक्तरं वेशीवर टांगली की ऐकणाऱ्यांनी कानावर हात ठेवले. शेवटी त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "साहेब, सासऱ्यांनी मरताना माझ्या कानात सांगितलं होतं, 'धाकट्या, तुला जरा कमअस्सलच देतोय.'"

हे धडधडीत खोटं होतं. पण आता माघार कोण घेणार!

मॅनेजरसाहेब मटकन खाली बसले.

"अधिक निकृष्ट, टिचकी," अधिकाऱ्याने जाहीर केलं आणि शिक्का मारला. "अभिनंदन."

टाळ्या पडल्या. कोणीतरी चष्मेवाल्यांच्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी थोरल्या साडूला पाणी पाजलं होतं! ते तरंगतच घरी आले.

"काय झालं हो?" बायको दारातच उभी होती.

"जिंकलो!" ते म्हणाले. "आपण जिंकलो! दादाची बोलती बंद करून टाकली मी!"

"खरंच?" तिचा चेहरा उजळला. "ताईला आता कळेल. म्हणजे टिचकी राहिली ना?"

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. ते तसंच राहिलं.

टिचकीला न्यायला ट्रक आला, तेव्हा तिला खरोखरच धुतलं. इतकी लख्ख ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती. चष्मेवाल्यांची बायको खिडकीतून वळून आत गेली आणि त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही. ट्रक नजरेआड होईपर्यंत चष्मेवाले रस्त्यात उभे होते. त्यांच्या शेजारी मॅनेजरसाहेब येऊन उभे राहिले. आत्याबाई त्यांच्या दारात होती, वारसा म्हणून. उलटसुलट चाकांवर आणि काढलेल्या वायरींवर ती जागची हलत नव्हती, आणि वारशात फेरफार करायला कायद्याने बंदी असल्यामुळे यापुढे हलणारही नव्हती.

चष्मेवाल्यांना वाटलं, दादा आता खांद्यावर हात ठेवतील.

"खरं सांगू?" मॅनेजरसाहेब शेवटी म्हणाले. "माझीच जास्त खराब होती. सासऱ्यांचं ते तू घुसडलंस. लबाडीने जिंकलास."

"हरलात ते कबूल करा, दादा," चष्मेवाले डोळे पुसत म्हणाले.

इथे गोष्ट संपते. वाचकांपैकी काहीजण या दोघांना हसले असतील, आणि ते योग्यच आहे. टिचकी गेली, आत्याबाई बसली, रविवार संपले, बहिणी तुटल्या, आणि हे दोन बुवा अजून उभे राहून भांडतायत. पण जरा छातीवर हात ठेवून बघा. शेवटच्या दोन वाक्यांना पोचेपर्यंत तुम्ही मनातल्या मनात ठरवूनही टाकलंय, की या दोघांत जास्त मूर्ख कोण.